थोरली कोण?

शेवंताआत्यांकडे कोणीही गेलं, अगदी विजेचं मीटर बघायला आलेला माणूस असला, तरी पाण्याच्या तांब्याबरोबर त्या एकच प्रश्न पुढे करत: "नातं कुठनं लागतं?" लागत नसलं तर लावत, आणि लावलं की निभावत. इंदापूरजवळ त्यांची डाळिंबाची बाग. फळं निवडून खोक्यांत भरायचं माझं शेड त्यांच्या बांधाला लागून. म्हणून मी त्यांची भाची.

आपलं राज्य आणि परदेशातला एक प्रांत 'भगिनी राज्ये' झाली, तेव्हा पाहुण्यांना दाखवायला सरकारी साहेबांनी आत्यांचीच बाग निवडली. पाहुण्यांच्या प्रमुख एक बाई होत्या. साहेब माइकवर म्हणाले, "आजपासून आपण बहिणी-बहिणी!"

आत्यांनी दुभाष्याला हटकलं. "इचार त्यास्नी, थोरली कोण न् धाकटी कोण?"

सगळे हसले. प्रश्न बाईंपर्यंत पोचलाच नाही.

"हसताय काय? थोरलीनं द्यायचं आसतं, धाकटीनं हक्कानं मागायचं. ठरवाय नगं?"

मग बाईंच्या कोटाचाच पदर करून आत्यांनी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ आणि बागेतलं सगळ्यात देखणं डाळिंब. फोटो निघाले. साहेब म्हणाले, "आत्या, यंदाचा माल व्यापाऱ्याला देऊ नका. थेट बहिणीच्या घरी जाणार."

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांचा ड्रायव्हर, लोणी भापकरचा, तेच डाळिंब घेऊन दारात उभा. "आत्या, त्येंच्या देशात आपलं डाळिंब न्यायला बंदी हाय. बाईंनी गाडीतच ठिवलं."

मी लगेच साहेबांना फोन लावला. "ते सामानातल्या फळापुरतं हो मॅडम. व्यापाराची फाइल वर गेलीय."

आत्यांनी दारात आलेले व्यापारी परतवले. मी भांडले, तर मलाच म्हणाल्या, "आगं, शब्द दिलाय त्येंनी. नात्यात येवढी घाई?"

डाळिंबं झाडावरच तडकली. तडकलेल्या फळाला परदेश राहू द्या, जळोचीचा हातगाडीवालाही विचारत नाही. पुढे कळलं, करार नुसता सांस्कृतिक मैत्रीचा होता. फळांचा त्यात शब्दही नव्हता, आणि साहेबांना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. फाइलबिइल काही वर गेली नव्हती.

तोवर हायवेवर ओटीच्या फोटोचा मोठा फलक लागला होता. आत्या त्याच्याखाली उभ्या राहिल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, "ह्येला नातं न्हाय म्हनत. ह्येला फोटू म्हनत्यात." त्यानंतर दारात आलेल्याला त्यांनी पाणी दिलं, नातं मात्र विचारलं नाही. त्याचा राग मला तडकलेल्या बागेपेक्षा जास्त आहे.

गेल्या हिवाळ्यात आत्या वारल्या. फलक अजून तिथेच आहे.

परवा साहेबांचा फोन आला. नवा देश, नवी भगिनी. ओटी भरायला शेडमधल्या बायका नऊवारीत पाठवा म्हणे.

"थोरली कोण?" मी विचारलं.

"काय?"

"थोरली कोण, धाकटी कोण? आणि त्यांच्याकडे डाळिंब चालतं का?"

साहेब हसले. अगदी तसंच, त्या दिवशीसारखं.

मी फोन आपटला. माझ्या शेडमधली एकही बाई जाणार नाही.