कुरकुरणारा मंडप

लाकूडकामाच्या कारखान्यात तिला सगळे डॉक्टरीण म्हणत. फळीवर टिचकी मारून ती सांगायची, ही ओली आहे, ही आतून पोखरलीय. बाप सुतार, ही विद्या तिला घरातच मिळाली होती. बावीस वर्षांनी कारखान्याला टाळं लागलं आणि डॉक्टरीण बागेतल्या मंडपाच्या दारात स्टुलावर येऊन बसली.

मंडप तीन महिन्यांपुरताच होता. एका नावाजलेल्या कलावंताने तो रचला होता. आत अंधूक उजेड, गोलाकार बाकं, डोक्यावर जाडजूड तुळयांचं छत. औषधालासुद्धा खिळा नाही, सगळा भार लाकडी खुंट्यांवर. लोकांनी येऊन गप्प बसायचं, एवढंच. त्यांचे फोन ठेवून घ्यायचे आणि कुजबुजणाऱ्याला दटावायचं, हे डॉक्टरिणीचं काम.

दुसऱ्या आठवड्यात छत कुरकुरू लागलं. कलावंत हरखून गेला. "लाकूड बोलतंय!" म्हणाला, आणि दारावर पाटी लागली, 'तुळयांचा आवाज ऐका.' गर्दी दुप्पट झाली.

डॉक्टरिणीला मात्र खरं कारण कळलं. लाकूड ओलंच वापरलं होतं. आता ते वाळून आकसत होतं आणि खुंट्या ढिल्या पडत होत्या. एका सकाळी झाडताना बाकाखाली तिला बोटभर लांबीची खुंटीच सापडली. ती घेऊन डॉक्टरीण प्रदर्शन सांभाळणाऱ्या साहेबांकडे गेली.

"साहेब, छताला टेकू द्या."

"टेकू? अहो, टेकू दिसला तर माणसाची शांतता भंगते म्हणे. आणि इंजिनिअरची सही आहे की."

"सही केली तेव्हा लाकूड फुगलेलं होतं."

"बाई, तुम्ही दार सांभाळा. छत बघायला माणसं आहेत."

गुरुवारी आवाज थांबला.

"बघा, बसलं जागेवर," साहेब हसले. "उगाच जीव टांगणीला लावून घेता."

डॉक्टरीण हसली नाही. कुरकुरणारा सांधा निदान धरून तरी असतो. हा मुकाट झाला होता.

त्याच दुपारी लेकीच्या शाळेची सहल मंडपात यायची होती. "वर्गासमोर मला हाक मारू नकोस हं," असं लेकीने सकाळीच बजावलं होतं. रांग दाराशी आली तशी डॉक्टरिणीने तिचं मनगट धरून तिला बाजूला ओढलं.

"तू आत जायचं नाहीस."

"आई! सगळे बघतायत!"

"बघू देत."

बाकीची मुलं एकेक करून आत गेली. शेवटी शिक्षिका गेल्या. दार लागलं.

लेक मनगट चोळत होती. "पडणार आहे का ते?"

"माहीत नाही गं."

"मग मलाच का बाहेर काढलंस?"

 डॉक्टरिणीने दार ढकललं.

"उठा! बाहेर पळा सगळे!"

कोणी उठलं नाही. मुलं डोळे मिटून बसली होती. दोघं-तिघं गालात हसत होती. हासुद्धा प्रदर्शनाचाच भाग आहे, असं त्यांना वाटलं. शिक्षिकांनी तर कौतुकाने मान डोलावली. वरून तिच्या खांद्यावर चिमूटभर भुसा पडला.

डॉक्टरिणीने जवळच्या पोराचा दंड धरला आणि त्याला फरफटत दाराकडे नेलं. पोर किंचाळलं. तेव्हा कुठे सगळ्यांनी डोळे उघडले. दारात लेक उभी होती, एक पाऊल आत.

"तू मागे हो!" ती लेकीवर ओरडली, आणि पोराला बाहेर ढकलून पुढच्या मुलासाठी परत वळली.