कुंकू लावलेला कार्बोरेटर

दादाचे कान पासष्टच्या लढाईत गेले.

बाकीचा दादा आज सकाळी गेला.

शिराळ्याच्या घरी, त्याच्याच कॉटवर बसून हे लिहितेय. अशा दिवशी पोस्ट टाकू नये म्हणतात. पण गप्प बसणं मला या वयातही जमलेलं नाही.

तोफांच्या आवाजानं पडदे फाटलेत, असं मिलिटरीच्या दवाखान्यात सांगितलं होतं. दादा घरी आला आणि आम्ही ओरडून ओरडून दमलो. तो नुसता आमच्या तोंडाकडे बघायचा.

मग पाटी आली. मी त्याची धाकटी बहीण, घरात शिकलेली, म्हणून लिहायचं काम माझं. "जेवायला चल." "मामा आलेत." सगळ्यांचं सगळं मीच लिहायची.

वहिनींना अक्षरओळख नव्हती.

आणि नवऱ्याशी बोलायचं ते नणंदेकडून काय काय लिहून घेणार? त्या बोलायच्याच बंद झाल्या. लग्नाला चार वर्षंही झाली नव्हती त्यांच्या.

गोठ्याशेजारच्या छपरात दादाची मोटारसायकल उभी होती. मिलिटरीच्या लिलावात घेतलेली, जुनी. लग्नानंतरच्या रजेत वहिनींना मागं बसवून तो सांगलीला गणपतीला घेऊन गेला होता. सगळी गल्ली बघायला बाहेर आलेली.

त्यानंतर तिला कुणी किक मारली नव्हती.

एक दिवस दादा म्हणाला, "सांगलीचं गिऱ्हाईक येनार हाय उद्या. गाडी इकतो."

मी पाटीवर लिहिलं, "का?"

"ज्याला इंजिन ऐकू येत न्हाई, त्यानं गाडी कशाला ठिवायची?"

वहिनी भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला.

पण बंद गाडी विकणं दादाला कमीपणाचं वाटायचं. चालू करूनच द्यायची म्हणून तो दुपारी छपरात बसला. टाकीतलं शिळं पेट्रोल काढलं. प्लग साफ केला. मग कार्बोरेटर उघडला आणि बघतच राहिला.

हवा आत ओढायचं तोंड लालभडक. आत हळदी-कुंकवाचा लगदा, वाळून खडा झालेला.

"ह्यात कुंकू कुनी वतलं?" दादा गरजला. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळं तो तसाच बोलायचा.

वहिनी पदराला हात पुसत आल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सांगा त्यास्नी. तुमीच म्हनला हुता न्हवं, गाडी हितनं श्वास घेती म्हनून? मग दर खंडेनवमीला मी तिथंच पूजा केली. चाकाला कुंकू लावून काय उपेग? जीव जिथं हाय, तिथं लावाय नगं?"

मी शब्दन्शब्द लिहिलं.

दादानं वाचलं. पुन्हा वाचलं. आणि हसला. लढाईवरून आल्यापासून पहिल्यांदा हसला. हसता हसता डोळे पुसले.

मग बारीक तारेनं एकेक भोक मोकळं केलं. फुंकर मारून, उजेडाला धरून बघितलं. सगळं परत बसवलं.

बऱ्याच किका मारल्यावर गाडी चालू झाली. पण अडखळत, धूर ओकत.

आता ट्यूनिंग. आणि ते तर कानाचं काम.

त्यानं माझ्याकडे बघितलं. आवाज पाटीवर कसा लिहायचा? मी लिहिलं, "फट फट फुस्स." त्यानं पाटी बाजूला सारली.

टाकीवर तळहात ठेवला. मान हलवली. मग लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक इंजिनला टेकवलं आणि मूठ दातात धरली.

दादा एकदम थबकला.

डोळे मोठे झाले. मग मिटले.

दुसऱ्या हातानं तो हवेचा स्क्रू फिरवायला लागला. हळू, अगदी हळू. इंजिनचं अडखळणं कमी झालं. धूर विरला. आणि एका क्षणी गाडी अशी एकसारखी चालायला लागली, की दावणीची म्हैससुद्धा रवंथ करत स्वस्थ उभी राहिली.

दादानं मूठ तोंडातून काढली.

"ऐकू येतंय गं," तो म्हणाला. हळू म्हणाला. "हाडातनं येतंय."

माझ्या अंगावर काटा आला. आज लिहितानाही येतोय. कान फाटलेला माणूस दातांनी ऐकत होता.

पुढं जे झालं ते त्या काळात, सासू उंबऱ्यात बसलेली असताना, कुठल्या सुनेनं केलं नसतं. वहिनींनी गाडी बंद करायला लावली. सरळ जाऊन आपलं कपाळ दादाच्या कपाळाला घट्ट टेकवलं.

नवऱ्याचं नाव तर घ्यायचं नाही. त्या एवढंच म्हणाल्या,

"आवं."

दादा तसाच बसून राहिला. मग म्हणाला, "काय गं?"

आई उठून आत गेली. मीही पाटी घेऊन आत गेले. त्या पाटीचं काम पुष्कळ कमी झालं तेव्हापासून.

सांगलीचं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी आलं आणि चहा पिऊन परत गेलं.

पुढं सगळा जन्म दोघं तशीच बोलली. भांडायचीसुद्धा कपाळाला कपाळ लावून. नातवंडं हसायची.

आज सकाळी दादाला न्यायच्या आधी वहिनी काठी टेकत आल्या. वाकल्या. कपाळ टेकवलं.

"आवं," म्हणाल्या.

आणि वाट बघत राहिल्या.

आम्ही कुणीच त्यांना उठवायला पुढं झालो नाही.

दादा, गाडी अजून छपरात आहे. येत्या खंडेनवमीला वहिनी कुंकू कुठं लावतील, ते तुला ठाऊक आहे. या खेपेस कुणी ओरडणार नाही.

सावकाश जा.