कुणाच्या वालावर मारलं नाय?

फवारायचा पंप किती बी धुवा, तळाला घोटभर औषध राहतंच. किस्स्यांचं बी तसंच हाय. डोक्यात इतके साचलेत की कुणाला तरी सांगायलाच पायजेत. सध्या ऐकायला कोण नाय, म्हणून तुमी ऐका.

आमची गँग तिघांची. पंपाचा मालक तात्या, माझा जिगरी मन्या आन मी पक्या. नववीत शाळेनं मला सोडलं, मी शाळेला नाय! लोधिवलीच्या आजूबाजूला कुणाच्या वालावर मावा, म्हंजी रस शोषणारी बारकी कीड, पडला की तात्याला फोन.

तात्या म्हणतो, "आमच्या टायमाला वाल नुसत्या दवावर व्हायचा रं. औषध कुणाला म्हाईत होतं? आता ऐन थंडीत ढग. ढगात मावा, आन माव्यात आपण!"

*

एकदा दुकानदारानं मास्क, हातमोजे आन प्लास्टिकचा कोट दिला. "हे घातल्याबिगर फवारायचं नाय. मी बघायला येणार!"

म्हणायला जानेवारी, पण ऊन चैत्राचं. कोटात शिरलो तर आतल्या आत इडली झाली. मी सगळा सेट बुजगावण्याला चढवला.

दुकानदार आला, रस्त्यावरूनच बघून ओरडला, "शाब्बास! तो बघा, एकच पोरगा शिस्तीचा!"

तवापासून तात्या त्या बुजगावण्याला 'साहेब' म्हणतो.

*

गणपाकाकाच्या वालावर सकाळी मारलं, दुपारी पाऊस. जानेवारीत! औषध सगळं ओढ्यात. परत मारलं, परत पाऊस.

काका म्हणाला, "मावा मेला का रं?"

मन्या म्हणाला, "नाय काका, आंघोळ करून बसलाय. ओढ्यातले मासे तेवढे मेले!"

लय हसलो. मग ओढ्याकडंच्या विहिरीवर बाया हंडे घेऊन गेल्या आन तशाच रिकामे घेऊन आल्या. आमच्याकडं बघत.

*

चौकला जायच्या मिनीडोर रिक्षामधी सहाच्या जागी बारा कोंबतात. पण मी बसलो की दोन्ही बाजूला आपोआप जागा होते. पायजे तर आडवा होऊन झोपा!

ड्रायव्हर म्हणतो, "पक्या, तू एक बसतोस, आन माझी तीन शिटं जातात. चालत जा की रं!"

आता चालतच जातो. आमचं कुत्रं पण हल्ली औषधाच्या वासानं शिंकून लांब बसतं. त्याला तर मी बिस्किट देतो!

*

मन्याचा किस्सा. उकाड्यानं त्यानं शर्ट काढला आन उघड्या अंगानंच फवारत सुटला. तासाभरात बांधावर आडवा. तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. टेंपोत घालून दवाखान्यात नेला.

डॉक्टर पयला प्रश्न काय विचारतो? "काय प्यायलास? पोरगी कोण?"

मन्या तशात म्हणतो, "पोरगी नाय ओ. आमचं तोंड बघा!"

डॉक्टरनं मग मलाच झापलं. ऊन असलं, अंगाला घाम असला की औषध कातडीतून लवकर आत जातं म्हणे. प्यायची गरजच नाय!

मन्या वाचला. पण त्याच्या आईनं, काकीनं, सगळ्यांसमोर मला सांगितलं, "परत माझ्या पोराच्या आसपास दिसलास तर तंगडी मोडीन." आन त्याला मोहोपाड्याला मामाकडं धाडला. त्याचा फोन काकीनं ठेवून घेतलाय, लावला की तीच उचलते. मी बोलतच नाय. ती पण कट करत नाय लगेच.

*

त्यानंतर एक दिवस काकीच बांधावर आली. "पक्या, माझ्या वालावर बी मावा चढलाय रं. मारशील का? मन्याला सांगू नको."

तात्यानं नवाकोरा पंप आणला होता, अजून औषध न लागलेला. मी त्यात घरच्या नळाचं साधं पाणी भरलं आन काकीच्या डोळ्यांदेखत अख्खं वावर मारलं. नाकाला फडकं बी बांधलं होतं!

*

मग पोपटीचे दिवस आले. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मीठ, ओवा, आन वरून जाळ. मन्या त्यासाठी दोन दिवस गावाला आला. सगळी पोरं काकीच्या वावरात जमली. मी पलीकडच्या बांधावर.

शेंगा कुठल्या घ्यायच्या, ते गावात एकालाच म्हाईत! मन्या तिकडनंच ओरडला, "पक्या! कुणाच्या वालावर मारलं नाय रं?"

इतक्या दिवसांनी तेवढंच बोलला.

"तुमच्या!"

काकी उसळली, "खोटारड्या! मी उभी होते की तिथं!"

"पाणी होतं ते, काकी."

मन्यानं एक शेंग सोलली. आत हिरवी, गुबगुबीत अळी. वळवळणारी! दुसरी सोलली, तिच्यात बी अळी.

"आये, जिती हाय गं!"

पोरं लॉटरी लागल्यासारखी नाचली. शेंगा मडक्यात गेल्या. मडकं उपडं झालं तशी सगळी त्याच्यावर तुटून पडली. मी बांधावरच.

काकी पानावर शेंगा घेऊन आली. "खा."

"हात खराब हायेत, काकी. सकाळी तीन वावरं मारली."

"धू मग."

"धुतले. जात नाय."

काकी समोर उकिडवी बसली. शेंग सोलली, दाणे माझ्या तोंडापाशी आणले.

"आ कर."

"त्यात अळी असंल."

"आ कर म्हणते ना!"