एका ओळीपुरता जोर

"आई गेली. आता झालं तुझ्या पत्रकांचं समाधान?" शामदादा दारात उभा राहून एवढंच बोलला आणि निघून गेला. त्याला काही आठवडे झाले.

गोदूआत्या, त्याची आई, आमच्याच गल्लीत, राजवाड्यामागं राहायची. वाताच्या झटक्यानं कमरेखालचं अंग गेलं होतं, हातांत जेमतेम जीव. मी तंजावरभर व्यायामाची पत्रकं वाटणारा. तिनं एक माझ्याकडून वाचून घेतलं आणि हसली. "सूर्यनमस्कार घालू? अय्यो, आधी कूस तर बदलू दे रे! तेवढ्यासाठीही सुनेला हाक मारत्ये मी."

मग बाजेशेजारच्या ऊंजलच्या, म्हणजे झोपाळ्याच्या, साखळीला आम्ही जुनं लुगडं बांधलं. गाण्याच्या एका ओळीपुरतं ते धरून अंग ओढायचं, पुढच्या दोन ओळी हात सोडून दम घ्यायचा, पुन्हा एक ओळ. गाणं तीच म्हणायची. तिचे ओठ काळवंडले की मी लुगडं तिच्या हातातून सोडवू पाहायचो. "थांब" म्हटलं की म्हणायची, "ओळ तर पुरी होऊ दे!"

दादा कलेक्टर कचेरीत कारकून. गोऱ्या डॉक्टरानं विश्रांती सांगितली, ते त्याला वेदवाक्य. त्यात आमच्या लोकांची जुनी खोड : आईबापांना पाण्याचा पेलासुद्धा उचलू द्यायचा नाही आणि त्याला सेवा म्हणायचं! सेवा कसली, जिवंतपणी बांधलेली तिरडी ती. एके दिवशी आत्या कुशीवर दिसली. "आई पडली!" ओरडत दादा धावला आणि तिला पुन्हा उताणी केली.

"गाढवा," ती हसत-रडत म्हणाली, "पडल्ये नाही, वळल्ये!"

त्यानं साखळीचं लुगडं सोडलं, बाजेची सैल झालेली काथ्याची वीण आवळून सपाट करून घेतली, कूस बदलणंच बंद केलं. मला उंबरा बंद.

पुढं ताप आला, छाती भरली, ती गेली. पडून पडून भरली, की एकटीच जोर करून दमली? गल्लीत मी छातीठोक सांगतो, व्यायामानं नव्हे! घरी आलो की खात्री उरत नाही…

परवा दादा कचेरीत असताना वहिनीनं बोलावलं. बाज तिथंच होती. तिनं अंथरूण उचललं. काथ्याच्या विणीत मधोमध खोल खड्डा. आणि खिडकीकडच्या कडेला दुसरा, उथळ.

"बंदीनंतर मी त्यांना एकदाही वळवलं नाही," वहिनी म्हणाली. "वाट पाहत होत्ये… हाकच आली नाही."