मागे सरक, हात दिसत नाहीत

माझ्या धाकट्या बहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही. पनवेलच्या कोळीवाड्यात आम्ही वाढलो, आणि घरात आमची आमची खुणांची बोली तयार झाली. कुणी शिकवली नाही. पापलेट म्हणजे आडवा पंजा, आई म्हणजे नाकातल्या चमकीवर बोट, मी म्हणजे पाठीवरची वेणी ओढल्यासारखा हात. लग्नानंतर तिनं सासूसाठीही खूण काढली, दोन बोटांनी ओठ मिटायचे. का, ते आजतागायत सांगत नाही, नुसती फिदीफिदी हसते. लोकांना वाटायचं आमच्या घरात शांतता असेल. कसली शांतता! दोघी भांडायला लागलो की आई म्हणायची, "हात आवरा गो, भांडी पाडाल!"

ती उरणजवळच्या करंजा गावी दिली. नवरा मासेमारीला बोटीवर, सासू बंदरावर मासळीच्या धंद्यात. माणसं चांगली. पण तिच्याशी बोलायचं कसं, हा प्रश्न लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी उभा राहिला. फोन होता की शेजारी. फोन करायचा, सासू यायची, आई विचारायची, "पोर कशी हाय?" आणि पलीकडून ठरलेलं उत्तर, "बरी हाय, काय काळजी करू नुका." ताप असो, भांडण असो, पोटुशी असो, बरी हाय. माझी बहीण शेजारी उभी राहून सासूच्या तोंडाकडे बघत असायची, आपल्याबद्दल काय बोललं जातंय याचा अंदाज घेत. आई शेवटी म्हणायची, "तिच्या हातात द्या जरा." मग ती रिसीव्हरमध्ये घशातून एक आवाज काढायची. तेवढ्यावर आई डोळे पुसून फोन ठेवायची. मला भयंकर राग यायचा. चाळीस शब्द सासूचे आणि एक हुंकार हिचा, हे काय बोलणं झालं?

म्हणून आम्ही जायचो. महिन्यातून एक रविवार, पनवेलहून उरणची एसटी, पुढे रिक्षा. तिच्यासमोर बसलं की महिनाभराचं साठलेलं हातांतून भडाभडा बाहेर यायचं.

पुढे पनवेलमध्ये सायबर कॅफे आले. संगणकाच्या डोक्यावर छोटा कॅमेरा, लाकडी फळ्यांचे कप्पे, आणि त्यांत आखातातल्या नवऱ्यांशी मोठमोठ्यानं बोलणाऱ्या बायका. मी म्हटलं, हेच तर हवंय आपल्याला! तिच्या नवऱ्याला सांगून तिला उरणच्या कॅफेत आणवलं, आई आणि मी इकडे बसलो. कॅफेवाला सारखा हेडफोन पुढे करत होता. "ताई, लावा ना, आवाज नाही येणार." अरे बाबा, आवाज हवाय कुणाला! ती दिसली. आईनं पडद्यालाच हात लावला. पण तिनं बोलायला सुरुवात केली आणि कपाळ माझं, चित्र गोठलं. हात हवेत अडकलेला. थोड्या वेळानं तो एकदम मांडीवर. मधलं सगळं वाक्य गायब. आवाज तुटला तर माणूस पुन्हा विचारतं, आम्ही काय विचारणार, विचारायलाही हातच लागतात. अर्धा तास बसून आम्हाला एवढंच कळलं की तिनं हिरवी साडी नेसलीय.

त्यानंतर समोरच्या बाजूला कॅमेरा असलेला फोन मी हौसेनं घेतला. त्यात ती पोस्टाच्या तिकिटाएवढी दिसायची, बोटं तर एकमेकांत मिसळून जायची. शिवाय एका हातात फोन धरायचा म्हणजे अर्धी जीभ बांधून बोलण्याचा प्रकार. पण मग मोठ्या पडद्याचे फोन आले, इंटरनेट स्वस्त झालं, व्हिडिओ कॉलचं ॲप आलं. एका संध्याकाळी पाच वाजता तिच्या नवऱ्यानं फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केला आणि माझी बहीण दोन्ही हातांनी माझ्याशी बोलली. न अडकता. तिचं पहिलं वाक्य काय होतं माहीत आहे? "सासू इतकी वर्षं फोनवर काय सांगायची?" मी सांगितलं, बरी हाय एवढंच. ती हसून हसून बरणीसकट फोन पाडून बसली. माझ्या बहिणीला फोन मिळाला तो त्या दिवशी. जगाला मिळून शंभराच्या वर वर्षं झाली होती.

मग रोज पाच वाजता. मी शाळेच्या ऑफिसातून आले की चहा आणि फोन. आमचे नियम ठरले. उजेड तोंडावर, पाठीमागे खिडकी नको, फोन छातीएवढ्या उंचीवर. आईलाही जमलं. रोज दिसतेच आहे, मग धक्के खात जायचं कशाला, असं म्हणत रविवारची एसटी सुटत गेली. महिन्याचं दोन महिन्यांवर, मग सणापुरतं, मग सणालाही फोनच. आईचे गुडघे गेले होते हे खरं. माझ्या गुडघ्यांना मात्र काही झालेलं नव्हतं.

गेल्या दोनेक वर्षांत ती फोनच्या फार जवळ यायला लागली. पडदाभर कपाळ आणि एक डोळा, हात बाहेरच. मी वैतागायचे. "मागे सरक! हात दिसत नाहीत!" ती मागे जायची, दोन वाक्यांनी पुन्हा पुढे. आम्ही चेष्टा करायचो, हिला कॅमेऱ्यात शिरायचंय म्हणून. मी काही विचारलं की बऱ्याचदा नुसती मान हलवून हसायची. मला वाटायचं कंटाळली असेल, किंवा घरात गडबड असेल. एकदा तर चिडून मी फोनच बंद केला होता. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मागच्या हिवाळ्यात शाळेच्या कामासाठी उरणला गेले, काम लवकर आटोपलं, तशीच रिक्षा करून करंज्याला पोचले. बायका ऊन खात बोंबील वाळत घालत होत्या. माझी बहीणही होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि दोरीवर टाकायचे, बोटं झपाझप चालली होती. मी वीसएक पावलांवर उभी राहून दोन्ही हात हलवले. तिनं मान वर केली, थेट माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा बोंबलांकडे वळली. रुसली की काय? मी पुढे गेले, पुन्हा खूण केली. पुन्हा तेच. अगदी हातभर अंतरावर आले तेव्हा तिनं डोळे बारीक केले, आणि मग किंचाळून गळ्यात पडली. तिच्या दोन्ही बुबुळांवर पांढुरका पडदा होता.

मी सासूवर तोंड सोडलं. "मावशी, बाईला दिसत नाही आणि तुम्हाला पत्ता नाही? एका घरात राहता ना?"

सासू टोपलं खाली ठेवत म्हणाली, "कामात कदी चुकली नाय ती. आमाला काय ठाव? आनि तुमी तर रोज बघता ना तिला फोनात?"

मी बहिणीचा हात धरला.

तिला घरात नेलं, दारापाशी उजेडात बसवलं आणि अगदी समोर बसून विचारलं, का नाही सांगितलंस? तिनं आधी हात मांडीत दाबून धरले. मग म्हणाली, "सांगितलं असतं तर म्हणाला असतात, हिला दिसत नाही, फोन सासूकडे द्या. मग पुन्हा ती बोलणार आणि मी बघत बसणार."

बहिरं असणं तिला कधी फारसं जड गेलं नव्हतं. पण डोळे गेले असते तर तिचं बोलणंही गेलं असतं आणि ऐकणंही, सगळंच. हे ती दोन वर्षं एकटी उराशी धरून बसली होती, आणि रोज पाच वाजता मी तिला मागे सरकायला सांगत होते.

तिला तशीच पनवेलला घेऊन आले. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, फार पिकलाय, इतका उशीर का केला? मी आधी एका डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख घेतली. ऑपरेशनच्या वेळी तिला ना ऐकू येणार ना दिसणार, म्हणून मी तिचा हात धरायला आत थांबण्याची परवानगी मागितली. एकदा दाबला तर हलू नको, दोनदा दाबला तर संपलं, असं ठरवलं. डॉक्टर मोठा सज्जन माणूस, दाबायची वेळ झाली की मला सांगत होता. तिनं माझी बोटं इतकी आवळली होती की अंगठी रुतली. मी देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि घरी आलो. ती पलंगावर टेकली. मी तिच्याशी नीट बोलता यावं म्हणून मुद्दाम खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीशेजारी उजेडात जाऊन बसले. ती कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग हात उचलले.

"तू म्हातारी झालीस. केस सगळे पांढरे. कधी झालं हे?"

मी म्हटलं, "अगं, रोज तर बघत होतीस मला."

"हात बघत होते. तेही निम्मेच. तोंड दिसतच नव्हतं. पूर्वीचं आठवून लावत होते."

खिडकीकडे तोंड फिरवून, डोळ्यांना पदर न लावता, तिला कळणार नाही अशा बेतानं मी रडत होते. पलंगावर थाप पडली. वळून बघितलं तर ती तिथूनच, खोलीच्या त्या टोकाकडून, हात हलवत होती.

"रडू नको. दिसतंय मला."