पळसदेवला ऐकलेला नवा शब्द

बारामतीहून निघालो तेव्हा सकाळीच ऊन डोक्यावर आल्यासारखं तापलं होतं. उजनी धरणाचं पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, असं ऐकलं होतं. नव्वदीच्या दशकातला तो एक कोरडा मे महिना. भिगवणला उतरून वडाप (माणसं कोंबून नेणारी जीप) पकडली.

"कुठं उतरनार?" ड्रायव्हरनं विचारलं.

"पळसदेव. तोच आपला शेवटचा मुक्काम."

"पाहुणं, तात्या केला की तुमी!"

जीप हसली. शेजारच्या तरुणानं समजावलं, "अभद्र शबूद तोंडातनं गेला, की त्याला तात्या करनं म्हनत्यात. दोन सालात निघालंय हे."

समोरची एक बाई मात्र हसली नाही. डाळज गाव मागं पडेपर्यंत ती बाहेरच बघत होती.

पळसदेवला ती माझ्याबरोबरच उतरली. रखुमाबाई तिचं नाव. "देवळाकडं जायचं न्हवं? माझा भाऊ न्हेईल," ती म्हणाली, आणि चार पावलांनी थांबली. "त्यो तात्या म्हंजी माझा भाऊच."

चालता चालता तिनं सांगितलं. तिच्या मुलीच्या लग्नात तात्या हौसेनं माईकवर उभा राहिला आणि नवरानवरीला 'भावपूर्ण श्रद्धांजली' वाहून बसला. "मोठ्या मान्सांच्या सभंत ऐकल्याला शबूद. त्याला वाटलं, मानाचा आसंल." मांडव हसला. वर्षाच्या आत मुलगी बाळंतपणात गेली. मग शब्द गावभर झाला. लोक हसून म्हणत. पण त्या हसण्याच्या आत काय आहे, ते तात्याला बरोबर कळायचं.

काठावर गाळाला भेगा पडल्या होत्या. सुकत घातलेल्या मासळीचा वास नाकात बसत होता. तात्या जाळं विणत होता. त्यानं मला गाळातून देवळापर्यंत नेलं. काळे ओले दगड, शिंपल्यांचा थर, गाभाऱ्यात कुबट अंधार.

घरी चिलापीचं (इथल्या पाण्यातल्या माशाचं) कालवण आणि भाकरी वाढताना रखुमाबाईनं विषय काढला. धाकट्या मुलाचं लग्न ठरलं होतं.

"दादा, मामा म्हनून तू दोन शबूद बोलायचं."

"मी येनार न्हाय."

ती माझ्याकडं वळली. "तुमी शिकल्यालं. त्या शब्दाचा खरा अर्थ काय वो?"

मी घास तसाच धरून म्हणालो, "श्रद्धांजली म्हणजे श्रद्धेनं वाहिलेली ओंजळ."

"मंग? वाईट कुठं हाय त्यात?" ती भावाला म्हणाली. "ऐकलं का?"

तात्यानं ताटातला काटा बाजूला केला. मग म्हणाला, "अर्थ चांगला आसंल, रखमे. पोरगी गेली न्हवं."

रखुमाबाई पदर तोंडाला लावून चुलीकडं वळली. मला पाणी हवं होतं, पण मागवेना.

संध्याकाळी इंदापूरच्या एसटीत बसलो. खिडकीतून उसाचे फड आणि मधूनच पाण्याचा मळकट पट्टा दिसत होता. मी शब्दकोशातला अर्थ सांगितला होता आणि तो अगदी बरोबरही होता. पण त्या घरात त्याला बसायला जागाच नव्हती. पुढं कळलं, लग्न लागलं. तात्या आला होता. मांडवाबाहेर उभं राहून त्यानं अक्षता टाकल्या. सनई थांबेपर्यंत तोंडावर धरलेलं उपरण्याचं टोक त्यानं काढलं नाही.