आईची माहेरवाशीण

आमची आई काय काम करते ते सांगितलं की लोकांना वाटायचं, ही पोरगी थापा मारतेय. आई ताऱ्यांवर पाळत ठेवायची! आकाशगंगेच्या मधोमध एक अगडबंब कृष्णविवर आहे. ते स्वतः दिसत नाही, पण त्याच्याभोवती तारे फिरत असतात. मोठ्या दुर्बिणीतून त्यांचे फोटो यायचे आणि कुठला ठिपका किती सरकला, ते आई कॉम्प्युटरवर खुणा करून मोजायची.

तिची कामाची खोली ही गार! यंत्रांना म्हणे उकाडा सोसत नाही. माणसं कुडकुडली तरी चालतील. शाळा सुटली की मी तिथेच जायचे. आईच्या ढगळ स्वेटरच्या एका बाहीत तिचा हात, दुसरीत माझा. काय सुख होतं ते! तशी ऊब पुन्हा कुठल्याच रजईत मिळाली नाही.

त्यातली एक तारका आईची लाडकी. वर्षानुवर्षं लांब रेंगाळायची, आणि कृष्णविवराजवळ आली की सुसाट वळसा घालून पसार! आईने तिचं नाव ठेवलं माहेरवाशीण. "वारा प्यायलेल्या वासरासारखी येते, आणि टेकली म्हणेपर्यंत निघालीसुद्धा," ती म्हणायची. मग आईचे साहेबही विचारू लागले, "काय बाई, लेक कुठवर आली?"

एक फेरी सोळा वर्षांची. पहिला वळसा आईने पाहिला तेव्हा मी शाळेत होते. दुसरा बघूनच घरी बसायचं, एवढा एकच तिचा हट्ट. पण मेल्या नजरेने आधीच दगा दिला. ठिपके पुसट झाले, मग माणसंही. नोकरी सोडावी लागली. त्या दिवशी ती लहान मुलासारखी रडली.

परवा मी तिच्याकडे गेले होते, नेहमीसारखीच धावतपळत. खांद्यावरची पर्ससुद्धा काढली नव्हती, तोच साहेबांचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"बाई, आली हो तुमची लेक! वळसा घातला तिने!"

आईचा चेहरा काय फुलला!

"घाईतच असेल?" तिने विचारलं.

"भयंकर! निघालीसुद्धा."

"निघायचीच. तिला कोण थांबवणार?" आई हसली. फोन ठेवल्यावर ती मला चाचपू लागली. माझ्या पर्सचा पट्टा तिच्या हाताला लागला. तो तिने घट्ट धरला.

"तू तरी जेवून जा गं," ती म्हणाली.